वेबसाइटचा सातबारा कोरा कुणी केला?

इन्स्टाग्रामवर जाहिरात येते. सेमी पैठणी, मूळ किंमत चार हजार, आजच्या दिवस फक्त आठशे नव्याण्णव. लिंक दाबली की वेबसाइट उघडते. फोटो झकास, खाली ‘न आवडल्यास पैसे परत’चा शिक्का. दहातले नऊ जण तिथेच यूपीआय करून मोकळे होतात. दहावा जरा सावध असतो. त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की कोणतीही वेबसाइट कुणाच्या नावावर आहे ते ‘हूइज’ नावाच्या सोयीवर फुकट बघता येतं. तो वेबसाइटचं नाव टाकतो. उत्तर येतं: मालकाचं नाव, गोपनीयतेसाठी झाकलेलं. पत्ता, झाकलेला. फोन, झाकलेला. ईमेल हवा असेल तर रजिस्ट्रारला विचारा.

मे २०१८ च्या आधी याच जागी बऱ्याचदा नाव, घरचा पत्ता, फोन नंबर आणि ईमेल असं सगळं दिसायचं. मग ही माहिती गेली कुठे? ‘युरोपचा कायदा आला आणि सगळं बंद झालं’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून डोमेन विकणाऱ्या कंपन्या, म्हणजे रजिस्ट्रार, या खिडकीचं एकेक दार लावून घेत होत्या. त्यामागे स्पॅमचा त्रास होता, धंद्याचा हिशोबही होता.

आधी हे हूइज म्हणजे काय ते बघू

महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा कुणालाही बघता येतो. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की भोगवटादाराचं नाव समोर येतं. जमीन तुमचीच असली पाहिजे असं काही नाही. हूइज हा इंटरनेटचा सातबारा समजा. गट नंबरच्या जागी डोमेनचं नाव टाकायचं, एवढाच फरक.

आता हा उतारा ठेवतं कोण? सगळ्यात वर आयकॅन ही अमेरिकेत नोंदलेली, ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे. तिच्या खाली रजिस्ट्री. ‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री म्हणजे व्हेरिसाइन ही कंपनी, ‘डॉट इन’ची म्हणजे आपली निक्सी. त्यांच्या खाली रजिस्ट्रार. गोडॅडी, नेमचीप, टुकोज ही त्यातली मोठी नावं. आपण पैसे भरून डोमेन घेतो ते यांच्याकडून.

‘डॉट कॉम’ची एक गंमत आहे, आणि पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. व्हेरिसाइनकडे मालकाचं नाव कधी ठेवलंच जात नव्हतं. अमुक डोमेन अमुक रजिस्ट्रारकडे आहे, एवढीच नोंद तिथे असायची. म्हणजे तालुक्याच्या कचेरीत गेलात तर ‘त्या तलाठ्याकडे विचारा’ एवढंच उत्तर मिळणार. खरा उतारा तलाठ्याच्या दप्तरात. त्यामुळे तलाठ्याने दप्तर बंद केलं की तालुक्याला जाऊन उपयोग नाही.

सगळे एकमेकांना ओळखत होते तेव्हाची गोष्ट

हूइजचं पहिलं अधिकृत टिपण १९८२ सालचं आहे. तेव्हा इंटरनेट नव्हतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं अर्पानेट होतं आणि त्यावर विद्यापीठं, प्रयोगशाळा, लष्करी कार्यालयं होती. कुणाच्या मशीनमध्ये बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा हे कळावं म्हणून एक यादी होती. नेटवर्क वापरणाऱ्यांनी आपलं नाव, पत्ता, फोन आणि मेलबॉक्स त्या यादीत नोंदवावा अशी अपेक्षा होती. कॉलनीतली फोन नंबरांची वही असते तशी.

पद्धतही तितकीच साधी. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या दारावर जायचं, एक ओळ लिहायची, उत्तरात साधा मजकूर यायचा. विचारणारा कोण, कशाला विचारतोय, हे दार विचारत नव्हतं. विचारू शकतही नव्हतं, कारण तशी सोयच त्यात केलेली नव्हती. पोलिस आला काय आणि स्पॅमवाला आला काय, दाराला दोघे सारखेच. पुढची जवळपास चाळीस वर्षं ही यंत्रणा याच अवस्थेत चालली. मधल्या काळात जग मात्र पार बदललं.

फोन वाजायला लागले

१९९५ पासून डोमेनसाठी पैसे मोजावे लागायला लागले, १९९९ पासून एकाच्या जागी अनेक रजिस्ट्रार आले आणि डोमेन ही बाजारातली वस्तू झाली. आयकॅनने रजिस्ट्रारांशी करार केला तेव्हा त्यात अट होती की हूइज सगळ्यांसाठी फुकट उघडं ठेवायचं. शिवाय कुणाला सगळी यादी एकगठ्ठा हवी असेल तर वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर घेऊन तीही द्यायची.

या उघड्या दारातून पहिले कोण शिरले असतील? अर्थात विक्रेते. अमेरिकेतल्या व्हेरिओ नावाच्या कंपनीने एक प्रोग्रॅम बनवला. रोज नव्याने नोंदलेल्या डोमेनांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा हूइज काढायचा आणि त्या लोकांना वेबसाइट बनवून घ्या, होस्टिंग घ्या म्हणून फोन आणि ईमेल करायचे. रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारचे ग्राहक वैतागले. अनेकांना तर फोन रजिस्टर डॉट कॉमकडूनच आलाय असं वाटलं. २००० साली प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हेरिओला मनाई झाली आणि जानेवारी २००४ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. अशा प्रोग्रॅमने माहिती उपसायची नाही, असा त्याचा अर्थ.

भारतात ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी डोमेन घेतलं त्यांना हे वेगळं समजवायला नको. सकाळी डोमेन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सर, वेबसाइट बनवायची आहे का?’ सुरू. तो नंबर हूइजमधूनच गेलेला असायचा.

इथे एक बारीक मेख आहे. व्हेरिओ आणि रजिस्टर डॉट कॉम हे होस्टिंगच्या धंद्यात एकमेकांचे स्पर्धक होते. ग्राहकाला त्रास होतोय हे खरं, पण आपलं गिऱ्हाईक दुसरा पळवतोय हेही तितकंच खरं. हूइज बंद करण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ही दोन कारणं जोडीने दिसतात.

या निकालानंतर कुलपं लागायला लागली. एका संगणकावरून ठरावीक प्रश्नच विचारता येतील अशी मर्यादा आली. वेबवर बघायचं तर कॅप्चा आला, ते वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचं प्रकरण. आणि मग आला खासगीपणाचा धंदा. वर्षाला काही डॉलर जास्त भरा, तुमच्या नावाच्या जागी आमच्या कंपनीचं नाव दाखवू. गोडॅडीशी संबंधित ‘डोमेन्स बाय प्रॉक्सी’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली. म्हणजे उतारा दाखवणाराही तोच आणि उतारा झाकायचे पैसे घेणाराही तोच. धंदा म्हणून कल्पना भन्नाट होती, हे मान्य करावं लागेल.

२०१८: आधी गोडॅडी, मग युरोप

जानेवारी २०१८ मध्ये जगातला सगळ्यात मोठा रजिस्ट्रार असलेल्या गोडॅडीने ४३ क्रमांकाच्या दारावरून मिळणाऱ्या उत्तरातलं नाव, ईमेल आणि फोन झाकून टाकला. एकेक डोमेन वेबसाइटवर जाऊन बघितलं तर माहिती दिसत होती, पण प्रोग्रॅमने हजारो डोमेनांची चौकशी करणाऱ्यांसाठी ती गायब झाली. कारण दिलं स्पॅमचं. सुरक्षा संशोधक संतापले, कारण त्यांचंही काम प्रोग्रॅमनेच चालायचं. अमेरिकी सरकारच्या दूरसंचार आणि माहिती विभागाने आयकॅनला पत्र लिहून यावर नाराजी कळवली. युरोपच्या कायद्याची अंमलबजावणी तेव्हा सुरूही झालेली नव्हती.

ती झाली २५ मे २०१८ ला. जीडीपीआर या कायद्याने माणसाची वैयक्तिक माहिती विनाकारण जगजाहीर करायला बंदी घातली. दंड दोन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, यातला जो मोठा असेल तो. रजिस्ट्रार मधल्यामध्ये अडकले. आयकॅनचा करार म्हणतो माहिती छापा, कायदा म्हणतो छापू नका. आयकॅनला हे दोन वर्षं आधीपासून माहीत होतं, तरी तात्पुरती नियमावली आली ती १७ मे ला, म्हणजे अवघे आठ दिवस आधी.

त्या नियमावलीत कळीचा मुद्दा होता. कायदा होता युरोपातल्या माणसांच्या संरक्षणासाठी. कंपन्यांची माहिती त्यात येत नाही आणि युरोपशी संबंध नसलेल्या व्यवहारांनाही तो लागू नाही. पण लाखो ग्राहकांतून माणूस कोण, कंपनी कोण, युरोपातला कोण, हे निवडत बसणं खर्चाचं काम. नियमावलीने रजिस्ट्रारांना मुभा दिली की वाटल्यास सरसकट झाका. बहुतेकांनी तेच केलं. सांगलीतल्या हळद व्यापाऱ्याच्या डोमेनवरही पडदा पडला तो ब्रसेल्सच्या कायद्यामुळे. पडद्याला त्याची हरकत नसेल, पण त्याला कुणी विचारलंही नाही.

किती झाकलं गेलं? इंटरआइल या सल्लागार संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. आधी २४ टक्के डोमेनांचा मालक हूइजवरून ओळखता येत नव्हता. नियमावलीनंतर हे प्रमाण ८६.५ टक्क्यांवर गेलं. कायद्याला जेवढं झाकणं गरजेचं होतं त्याच्या साधारण पाचपट माहिती झाकली गेली, असा त्यांचा अंदाज होता.

काही रजिस्ट्रार तर याच्याही पुढे गेले. टुकोजच्या मालकीच्या ईपीएजी या जर्मन रजिस्ट्रारने सांगितलं की मालकाशिवाय तांत्रिक आणि प्रशासकीय संपर्काची जास्तीची माहिती आम्ही गोळाच करणार नाही. कायदा लागू झाला त्याच दिवशी आयकॅनने जर्मनीतल्या बॉनच्या कोर्टात दावा ठोकला आणि काही दिवसांतच हरली. वरच्या कोर्टातही तेच झालं.

मग नुकसान कुणाचं झालं?

बऱ्याच जणांचा इथे आक्षेप असतो. फसवणारे लोक हूइजमध्ये आपलं खरं नाव थोडंच लिहीत होते? मग ते झाकल्याने बिघडलं काय?

आक्षेप बरोबर वाटतो, पण खोट्या माहितीचाही उपयोग होता. समजा एका भामट्याने खोट्या नावाने दोनशे डोमेन घेतली. प्रत्येक वेळी नवं नाव, नवा फोन, नवा ईमेल बनवायचा कंटाळा येतोच. तो तोच ईमेल परत वापरतो. एका बँकेची नक्कल करणारी वेबसाइट सापडली की संशोधक तो ईमेल घेऊन उलटा शोध घ्यायचे, याच ईमेलवर आणखी काय काय नोंदलंय? एका धाग्यावरून अख्खं जाळं हाती लागायचं आणि बाकीच्या एकशे नव्व्याण्णव वेबसाइट कुणाला फसवण्याआधी ब्लॉक व्हायच्या. भामट्याचं खरं नाव कळायची गरजच नव्हती. २०१८ नंतर हा धागा तुटला. आता प्रत्येक वेबसाइट सुटी सुटी पकडावी लागते. फिशिंगविरोधी गटांनी त्याच वर्षी तपासनिसांची पाहणी केली, तेव्हा तपास रखडतोय हीच तक्रार पुढे आली.

बड्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. मार्च २०२० मध्ये फेसबुकने नेमचीप आणि तिच्या नाव झाकणाऱ्या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. मुद्दा ४५ डोमेनांचा होता. त्यात ‘व्हॉट्सअ‍ॅप डाउनलोड’ अशा नावाची एक वेबसाइट होती आणि फेसबुकच्या स्पेलिंगमध्ये एका ‘ओ’च्या जागी शून्य घातलेली दुसरी. फेसबुकचं म्हणणं, वारंवार मागूनही मालकांची माहिती दिली नाही. नेमचीपचं म्हणणं, गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी ग्राहकाला उघडं पाडणार नाही. पुढे प्रकरण आपसात मिटलं. पण फेसबुकसारख्या कंपनीला जिथे कोर्टात जावं लागलं, तिथे आठशे नव्याण्णव रुपये गेलेल्या माणसाने काय करायचं?

भारतात दिल्ली उच्च न्यायालयात अशा खटल्यांची रांगच लागली. डाबरसारख्या नावाजलेल्या कंपन्यांची नक्कल करायची, ‘आमची डीलरशिप घ्या’ म्हणून लोकांकडून अनामत रक्कम उकळायची, असा हा धंदा. कंपनी खटला भरते, पण भरणार कुणावर? मालकाचं नाव झाकलेलं. म्हणून प्रतिवादीच्या जागी ‘अशोक कुमार’ असं लिहितात. अज्ञात आरोपीसाठी आपल्या कोर्टांत रुळलेलं हे नाव आहे. खऱ्याखुऱ्या अशोक कुमारांना काय वाटत असेल ते विचारू नका. मग कोर्ट रजिस्ट्रारला आदेश देतं, तेव्हा माहिती मिळते.

पण दुसरी बाजू हलकी समजू नये. स्वतःचा ब्लॉग चालवणारी एखादी मुलगी, सरकारविरुद्ध लिहिणारा पत्रकार, घरगुती मसाल्यांची वेबसाइट काढलेली गृहिणी, या सगळ्यांच्या घरचा पत्ता जगात कुणालाही एका क्लिकवर दिसणं हे भयानक होतं. नाव झाकायचे पैसे ज्याच्याकडे आहेत तोच सुरक्षित, ही व्यवस्थाही न्याय्य नव्हती. आज बहुतेक मोठे रजिस्ट्रार ही सोय फुकट देतात, हे चांगलंच झालं.

झाकण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. पडदा कुणासाठी आणि कधी सरकवायचा याचा निर्णय रजिस्ट्रारच्या हातात गेला. त्याला पैसे मिळतात डोमेन घेणाऱ्याकडून. फसलेल्या माणसाकडून त्याला दमडी मिळत नाही, चौकशीला उत्तर द्यायला मात्र माणूस बसवावा लागतो. अशा वेळी उत्तर उशिरा येणार किंवा येणारच नाही, यात नवल नाही.

आता नवं काय आलंय?

४३ क्रमांकाचं ते जुनं दार आता निवृत्त झालंय. २८ जानेवारी २०२५ पासून ‘डॉट कॉम’, ‘डॉट नेट’ वगैरेंच्या रजिस्ट्रारांना हूइज चालवायची सक्ती राहिली नाही. त्याच्या जागी आरडॅप नावाची नवी पद्धत आहे. तिच्यात जुन्या दाराला न जमणारी गोष्ट जमते, ती म्हणजे विचारणारा कोण ते ओळखणं. पोलिसाला एक उत्तर आणि तुम्हाला-आम्हाला दुसरं, असं तांत्रिकदृष्ट्या करता येतं. पण कुणाला काय दाखवायचं याचं जगभर एकमत झालेलं नाही, त्यामुळे नव्या दारातूनही बहुतेकांना तोच पडदा दिसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅनने झाकलेली माहिती मागण्यासाठी एक अर्जाची खिडकी सुरू केली, तीही दोन वर्षांचा प्रयोग म्हणून. अर्ज तिथे करायचा, तो संबंधित रजिस्ट्रारकडे जातो. रजिस्ट्रारने या योजनेत सामील व्हायचं की नाही हे ऐच्छिक ठेवलं होतं. सामील झाला तरी माहिती देण्याचा निर्णय त्याचाच. अर्ज आपले सरकारवर, निर्णय तलाठ्याचा, तसं काहीसं.

गंमत म्हणजे ज्या युरोपकडे बोट दाखवून हे सगळं झाकलं गेलं, तोच आता उघडा म्हणतोय. एनआयएस-२ या सायबर सुरक्षेच्या निर्देशानुसार रजिस्ट्रारांनी मालकाची माहिती पडताळायची, कंपन्यांची माहिती उघड ठेवायची आणि रास्त कारण दाखवून कुणी अर्ज केला तर ७२ तासांत उत्तर द्यायचं. सदस्य देशांना हे आपापल्या कायद्यात आणण्याची मुदत १७ ऑक्टोबर २०२४ होती. सगळ्यांनी ती पाळली नाही.

तरीही उताऱ्यावर काय दिसतं?

पूर्ण कोरा तो नसतो. आयकॅनच्या लुकअप पानावर किंवा ‘डॉट इन’ असेल तर निक्सीच्या रजिस्ट्री पानावर डोमेनचं नाव टाकून बघा. पहिली बघायची ती नोंदणीची तारीख. ‘१९८५ पासून विश्वासाचं नाव’ म्हणणाऱ्या दुकानाचं डोमेन मागच्या मंगळवारी घेतलेलं असेल, तर बाकी काही बघायची गरज नाही. उलटं मात्र खरं धरू नका. मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घेऊन त्यावर फसवणुकीचं दुकान थाटणारे आहेत. ‘डॉट इन’च्या नोंदीत नाव आणि फोन झाकलेला असला तरी राज्य आणि देश बऱ्याचदा दिसतो. मुंबईचं दुकान म्हणवणाऱ्याचा देश भलताच निघाला तर थांबा.

दुसरी ओळ रजिस्ट्रारची आणि त्याच्या तक्रार ईमेलची, तीही झाकता येत नाही. एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारात अशी अट आहे की फिशिंग किंवा मालवेअरची ठोस तक्रार पुराव्यासह आली तर रजिस्ट्रारला त्यावर पावलं उचलावीच लागतात. म्हणून बँकेची किंवा इन्स्टाग्राम लॉगिनची नक्कल सापडली तर लिंक आणि स्क्रीनशॉट जोडून त्या ईमेलवर पाठवा. नुसतं ‘हे फ्रॉड आहेत’ लिहून भागत नाही. पैठणी न पाठवणारं दुकान मात्र या व्याख्येत सरळ बसत नाही. त्यासाठी १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. पैसे गेल्यावर फोन जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीसोबत डोमेनच्या नोंदीचा स्क्रीनशॉटही ठेवा, कारण अशी डोमेन चार दिवसांत बंद होतात आणि नोंदही बदलते. पोलिसांना त्यावरच्या रजिस्ट्रारच्या नावावरून पुढचं पत्र पाठवता येतं.

बँकांच्या बाबतीत तर मालक शोधत बसायची गरजच राहू नये असा वेगळा रस्ता रिझर्व्ह बँकेने काढला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं. हे नाव फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेकडून मिळतं आणि फक्त बँकांनाच मिळतं. तुमच्या बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजमधली लिंक उघडण्याआधी तिचं शेवटचं टोक बघा. ‘बँक डॉट इन’च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर ते नाव बाजारात कुणीही विकत घेतलेलं असू शकतं.